गोड्या पाण्यातला मासा

हौसाबाईने मथुराचा उजवा हात धरून आपल्या नाकाशी नेला आणि दोनदा हुंगला.

"कापूर," ती म्हणाली. "आणि उदबत्ती. पूजा करून इलंस मा?"

मथुराने मान हलवली. देवांना न्हाऊ घातल्याशिवाय तिने कधी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज तर पहिली एसटी गाठायची म्हणून तिने पहाटेच आंघोळ करून देव पुसले होते, कापूर लावला होता.

"देवाक आवडता तो वास. माशाक नाय आवडत. तुझ्या हातची गोळी तो लांबसूनच वळाखता आणि पाठ फिरवता. म्हणान दोन फेरे फुकट गेले तुझे."

हौसाबाई वाकली, तळ्याच्या काठचा मूठभर चिखल उचलून तिने मथुराच्या तळव्यावर थापला. "चोळ. नखांत सुद्दा."

मथुरा क्षणभर थांबली. मग तिने दोन्ही हात चोळले. पहाटे ज्या हातांनी तुळशीला पाणी घातलं, त्यांना आता शेवाळाचा आणि कुजलेल्या पानांचा वास येऊ लागला. तिने पेंडीची गोळी नव्याने वळली, गळाच्या गरीवर चढवली आणि बांबूची काठी पुढे करून दोरी पाण्यात सोडली. मोरपिसाच्या दांडीचा तरंगता तुकडा पाण्यावर उभा राहिला.

हौसाबाई म्हणजे मथुराच्या मुलीची, शर्मिलाची सासू. शर्मिलाचं सासर कणकवलीच्या अलीकडे, हायवेपासून आत, भातशेती आणि काजूच्या बागा असलेल्या गावात. गावाला जांभ्या दगडाने बांधलेलं जुनं तळं. पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीवाले त्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात आणि उन्हाळ्यात जाळं घालतात. मधल्या काळात गावातल्या माणसांनी गरीने एखादा धरला तर कोणी काही म्हणत नाही. हौसाबाई परकराच्या वयापासून मासे धरत आली होती, आधी माहेरी आणि मग इथे. लग्नाच्या वेळी आपण आधी तळं पाहिलं आणि मग नवरा, असं ती स्वतःच सांगायची आणि तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून हसायची.

मथुरा पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने काठी कुठल्या टोकाने धरायची हेसुद्धा विचारलं होतं.

"समुद्राच्या काठार जन्म काढलंस, आणि गरी धरूक येणा नाय?"

"आमच्यात बायलमाणसा धरूक जात नाय," मथुरा हळू आवाजात म्हणाली होती. "पुरुष धरतत. आमी विकतो, कापतो, सुकवतो. माझ्या हातात इलो तो प्रत्येक मासो मेलेलोच इलो."

मग थोडा वेळ पाण्याकडे बघून तिने विचारलं होतं, हंयसर भरती किती वाजता येते? हौसाबाई इतकी हसली की पानाचा रस पदरावर सांडला. तळ्याला भरती नसते हे मथुराला ठाऊक नव्हतं असं नाही. पण साठ वर्षं पाणी म्हटलं की आधी भरती-ओहोटीचा हिशेब करायची सवय. जे पाणी येत नाही आणि जातही नाही, त्याच्यापुढे बसायचं कसं, हे तिला उमगत नव्हतं.

*

मथुरा तोंडवलीची. तिचा नवरा बाबली पस्तीस वर्षं समुद्रावर होता, शेवटची बारा वर्षं तांडेल. जाळं कुठे टाकायचं आणि कधी परतायचं ते तो ठरवायचा आणि बाकीचे ऐकायचे. घरी मात्र त्याचा शब्द क्वचितच ऐकू यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा निलेश दुसऱ्याच्या ट्रॉलरवर गेला होता. नारळीपौर्णिमा होऊन महिनाही झाला नव्हता. अचानक वारा उठला, आणि दोरी सोडवायला गेलेला निलेश पाण्यात गेला. सव्वीस वर्षांचा होता. नऊ दिवस शोधलं. बाबली नऊही दिवस होडीत होता. काहीच हाती लागलं नाही.

दहाव्या दिवशी मथुराने देवांपुढे मूठभर तांदूळ ठेवले आणि सांगितलं, ज्या पाण्यात माझं लेकरू आहे त्या पाण्यातलं काही या घरात येणार नाही. बाबली तेव्हा पडवीत बसला होता. त्याने ऐकलं. पुढे तो पुन्हा कामाला जाऊ लागला, पण वाट्याला आलेला मासा वाटेतच भावाच्या घरी, भावजय किशोरीच्या दारात ठेवायचा. मग विहिरीवर शिकेकाईने दोनदा हात धुवायचा आणि तेव्हा घरात पाऊल टाकायचा. जेवताना वरण-भात आणि कसली तरी भाजी. मासा नसेल तर घास उतरत नाही म्हणणारा माणूस. त्याने एकदाही ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं नाही.

मागच्या वर्षी त्याची डावी बाजू गेली. या दिवाळीनंतर छाती भरून येऊ लागली, पाय सुजले. कणकवलीच्या डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं की घरी न्या आणि त्यांना खावंसं वाटेल ते द्या. किती दिवस, असं मथुराने विचारलं नाही. शर्मिलाने बाहेर जाऊन विचारलं. परत येताना गाडीत ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, तेव्हा मथुराला उत्तर कळलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती गोष्ट घडली. दुपारची वेळ. मागच्या पडवीत बाबलीची खाट होती. मथुराने त्याला उशीला टेकवून बसवलं आणि पुढ्यात मऊ भाताचं ताट ठेवलं. वर नुसतं वरण. ती पाणी आणायला आत गेली, आणि परत आली तेव्हा बाबली भातात काहीतरी शोधत होता. अंगठा आणि एक बोट, चिमटीसारखं. भातातून काहीतरी अलगद उचलायचा, डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि ताटाच्या काठावर ठेवायचा. काठावर काहीच नव्हतं. तो पुन्हा भातात बोटं घालायचा.

"काय करतात ओ?" तिने विचारलं.

"काटे," बाबली म्हणाला, आणि पुन्हा शोधू लागला.

ती तिथेच, हातात तांब्या घेऊन उभी राहिली. मरायला टेकलेला माणूस नुसत्या भातात मासा जेवतोय, असं तिला वाटलं. आपण हे केलं. आपल्या एका शब्दाने याचं तोंड दोन वर्षं बांधून ठेवलं.

ती रात्र तिने देवांपुढे बसून काढली नाही. तशी तिची रीत नव्हती. सकाळी पूजेच्या वेळी तिने एवढंच मनाशी धरलं की शब्द मोडायचा नाही आणि नवऱ्याला उपाशीही पाठवायचं नाही. समुद्राचं पाणी ज्याने पाहिलं नाही असा मासा आणायचा.

बाजारात रोहू मिळतो. पण तो बर्फातून येतो, त्याच पाटीतून आणि त्याच कोयत्याखालून, जिथे बांगडे आणि सुरमई पडलेली असते. आणि बर्फातल्या माशाला बाबली जन्मात शिवला नव्हता. म्हणून ती हौसाबाईकडे गेली. हौसाबाई म्हणाली, उद्याच धरून देतंय, घेवन जा. पण तेही मथुराला चालणारं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न घ्यायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. शर्मिलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि अजून पाळणा हलला नव्हता. मथुरा त्या घरी पाण्याची बाटलीसुद्धा घरून भरून न्यायची. हे हौसाबाईला लागायचं. पण त्या दिवशी ती रागावली नाही. विहिणीच्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं.

"माझ्या घरचा चलत नाय. माझी इद्या चलता मा?" ती म्हणाली. "मगे शीक."

*

शिकायला दिवस थोडे होते. मथुराचे वार कडक. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले रविवार, बुधवार आणि शुक्रवार. कार्तिकाची पौर्णिमा होऊन गेली होती. अमावास्या झाली की मार्गशीर्ष. त्या महिन्यात लक्ष्मीचे गुरुवार असतात आणि तिच्या घरात महिनाभर मासा शिजत नाही. आणि डॉक्टरांनी महिना दिलेला नव्हता.

किशोरी दर फेरीला बाबलीजवळ येऊन बसायची. कुठे जातेस असं तिने एकदाच विचारलं आणि मथुराने शर्मिलाकडे असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

तळ्यावर ती पहिली गोष्ट शिकली ती चारा टाकण्याची. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि शिळा भात मळून त्याचे लहान गोळे. रोज एकाच जागी, सकाळी दहाच्या सुमारास टाकायचे. मासा दोन दिवस बिचकतो, तिसऱ्या दिवशी वाट बघतो.

"नेम लागता तेका," हौसाबाई म्हणाली. "येळ चुकली तर येणा नाय."

बाकी सगळं मथुराला पुन्हा पुन्हा समजावावं लागलं, पण हे एकदाच सांगितलेलं पुरलं. वेळ चुकवायची नाही, जागा बदलायची नाही, फळ कधी येईल ते विचारायचं नाही. तीस वर्षं देवांपुढे ती दुसरं काय करत आली होती?

ती नसेल त्या दिवशी चारा हौसाबाई टाकायची. शनिवारी मथुरा घरी उपाशी पोटी मारुतीचं स्तोत्र म्हणत होती, आणि दहा वाजले तशी तिची जीभ अडखळली. आता तिकडे गोळे पाण्यात पडत असतील. विश्वासाने कोणीतरी येत असेल. खाऊ घालायचं आणि धरायचं. तिने पुढच्या फेरीला हे हौसाबाईपाशी बोलून दाखवलं.

"पाप लागात तर अर्धा माझा," हौसाबाई म्हणाली. "चारो मी टाकलंय. तू काय ता उरलेला घे."

शुक्रवारी, चिखलाने हात चोळून ती बसली होती. तरंगता तुकडा थरथरला. तिने काठी खसकन वर ओढली. रिकामी गरी हवेत लोंबकळत आली. हौसाबाईने कपाळाला हात लावला.

"तो आदी चाखता गो. व्हटांनी. तू पान वाढलंस आणि तो घास घेतल्या आदीच काढून घेतलंस. बारको थरथरता तेवा गप ऱ्हव. दांडी चलाक लागली की वड."

मग दोघी तरंगत्या तुकड्याकडे बघत बसल्या. पाण्यावर काजूच्या झाडांची सावली होती. शर्मिला मधूनच येऊन आईजवळ टेकायची, बाबा जेवले का विचारायची आणि उत्तर ऐकून परत जायची. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना मथुराला निलेश आठवला. भावा-बहिणीची चालण्याची लकब एकच होती.

निलेश काट्यांना भ्यायचा. चार वर्षांचा असताना पेडव्याचा काटा त्याच्या घशात अडकला होता. मालवणला नेऊन काढावा लागला. तेव्हापासून त्याच्या वाटणीचा मासा बाबली निवडायचा. मथुराला बाजारातून यायला दुपार व्हायची, त्यामुळे पोराला जेवायला घालायचं काम बापाचं. दहा-बारा वर्षांचा झाला तरी निलेश ताट बापापुढे सरकवायचा. तांडेलाचो झिल नि काट्याक भिता, म्हणून शेजारी चिडवायचे. हौसाबाईला तिने हे सांगितलं. बोलताना ती थोडी हसलीसुद्धा. दोन वर्षांत निलेशचं नाव घेऊन हसल्याचं तिच्या मागाहून लक्षात आलं.

*

रविवारी ती दहाच्या आधी पोहोचली. अमावास्येआधीचा हा शेवटचा रविवार. मासा पकडला की लगेच शिजवता येत नाही. तळ्याच्या माशाला चिखलाचा वास असतो, तो जायला दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवावा लागतो. म्हणजे आज मिळाला तरच बुधवारी त्याच्या ताटात पडणार. आज नाही तर नाही.

तिने घरी पूजा केली होती पण कापूर लावला नव्हता. देवाला तसं सांगून आली होती. गरी पाण्यात सोडताना मात्र तिने देवाचं नाव घेतलं नाही. या कामात त्याला मध्ये आणावं असं तिला वाटलं नाही.

तुकडा थरथरला. तिने हात घट्ट केले नाहीत. पुन्हा थरथरला, थांबला. हौसाबाई शेजारी पान चघळायची थांबली. मग तो तुकडा आडवा झाला आणि कोणीतरी बोट धरून न्यावं तसा हळूहळू पाण्याखाली चालत गेला.

"आता," हौसाबाई म्हणाली.

मथुराने काठी उचलली. पलीकडून जो हिसका आला त्याने ती पायरीवरून पुढे झुकली. जन्मभर मासे हाताळले, पण माशाला एवढं बळ असतं हे तिला माहीत नव्हतं. बाबली रोज याच्याशी झगडत होता? रोज?

"वडू नको. जावक दे तेका. दमांदे."

तो तळ्याच्या मध्यापर्यंत गेला, वळला, पुन्हा गेला. मथुराच्या मनगटाला कळ लागली. कितीतरी वेळाने तो काठाशी आला, एका कुशीवर वळलेला, खवल्यांवर तांबूस झाक. हौसाबाईने जुन्या मच्छरदाणीचं झोळं त्याच्याखाली सरकवलं. चांगला दीड किलोचा रोहू. मथुराने आधी हात ओले केले, हौसाबाईने शिकवलं होतं तसे, आणि मग त्याला स्पर्श केला. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते.

"आपल्या हातान धरलंस," हौसाबाई म्हणाली. "आता कोणाचा काय घेतलंस नाय."

घरून आणलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात तळ्याचं पाणी भरून त्यात त्याला ठेवलं. झाकणाला भोकं पाडलेली होती. एसटीत ती डबा दोन पायांमध्ये धरून बसली. प्रत्येक खड्ड्याला पाणी तिच्या पायांवर उडायचं. कंडक्टरने वाकून पाहिलं.

"मावशे, काय ता?"

"मासो."

"जितो? मगे तेचा हाफ तिकीट काढूचा लागात."

पुढच्या सीटवरची बाई हसली. मथुराही कसनुसं हसली आणि झाकणावर हात ठेवून बसली. आत तो वळला की तळव्याखाली थरथर जाणवायची.

*

मागच्या पडवीत, खाटेजवळ, तिने मोठा निळा टब विहिरीच्या पाण्याने भरला आणि मासा त्यात सोडला. बाबलीने आवाज ऐकून मान वळवली.

"काय गो ता?"

"मासो."

त्याने टबाकडे पाहिलं. घरात दोन वर्षांत हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. "खंयचो?"

"शर्मिलाच्या गावचो. तळ्यातलो. मी धरलंय."

"तू?"

"मी. गरयेन."

बाबलीच्या तोंडाची उजवी बाजू हलली. तो हसत होता. शर्मिलाच्या लग्नात त्याने व्याह्यांना, तुमच्या तळ्यात चिखल मिळता, मासो नाय, असं चिडवलं होतं. आता त्याने तिला टब जवळ ओढायला सांगितलं, आणि कुशीवर वळून पाण्यात बघत राहिला. संध्याकाळ झाली तरी बघत होता. मथुरा दिवा लावून, हात जोडून परत आली तेव्हा तो म्हणाला,

"ह्येना खारा पाणी बघलेला नाय."

"नाय," ती म्हणाली.

"बरा झाला."

सोमवार आणि मंगळवार मथुराने चार-चार वेळा टबाचं पाणी बदललं. दोन्ही दिवस तिचा उपास होता. बाबली दिवसातून कितीतरी वेळा टबात हात बुडवायचा. मासा पहिल्यांदा दूर पळायचा. मंगळवारी दुपारी त्याच्या बोटांजवळ येऊन थांबला.

बुधवारी सकाळी पूजा आटोपून तिने माळ्यावरचं मातीचं भांडं काढलं. मासे शिजवायचं ते भांडं दोन वर्षं पालथं पडून होतं. खोबरं वाटलं, तिरफळं भिजत घातली. मग विळी घेऊन टबाशी आली आणि तिथेच थबकली. हजारो मासे तिने कापले होते. मारला एकही नव्हता.

बाबली तिच्याकडे बघत होता. "ओला फडक्या घाल तेच्यार," तो म्हणाला. आवाज थकलेला, पण होडीवर सांगायचा तसा सरळ. "डोक्यार एकच घाल. भियालंस तर तेका तरास."

तिने ओलं फडकं टाकलं. वरवंटा उचलला. तुळशीचं एक पान तिने आधीच पाण्यात सोडून ठेवलं होतं. कोणासाठी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिने एकच घाव घातला.

दुपारी ताट वाढलं. मऊ भात, वर लालसर कालवण आणि पोटाकडची एक तुकडी. त्याला उशीला टेकवलं. तिचं स्वतःचं ताट तिने वाढलं नव्हतं. खाली, भिंतीला पाठ लावून ती बसली. निलेश तिथेच बसायचा.

बाबलीने कालवणात बोट बुडवून चाटलं.

"मातयेचो वास येता," तो म्हणाला. मग पुन्हा चाटलं. "पण ताजो आसा."

तो तुकडी निवडू लागला. रोहूला काटे फार, बारीक आणि दोन तोंडांचे, मांसात लपलेले. हौसाबाईने हे सांगितलं होतं आणि मथुरा घाईत विसरली होती. निवडून द्यायला ती पुढे सरकली, पण त्याने मानेनेच नको म्हटलं. अंगठा आणि एक बोट. काटा काढायचा, डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, ताटाच्या काठावर ठेवायचा. निवडलेलं मांस भाताच्या एका बाजूला गोळा होत गेलं. पाव तास झाला असेल. तुकडी संपली. त्यातला एक कणही त्याच्या तोंडात गेला नव्हता.

"खावा मा," ती म्हणाली.

बाबलीने ते निवडलेलं मांस बोटांच्या मागच्या बाजूने ताटाच्या काठाकडे, तिच्या दिशेने सरकवलं.

"निलेशाक वाढ. काटे काढलंय."

मथुराचा हात जमिनीवर टेकलेला होता, तो तसाच राहिला. त्या दिवशी नुसत्या भातात तो कोणासाठी काटे शोधत होता ते तिला आत्ता कळलं. त्याला मासा नको होता. दोन वर्षांत त्याने मासा मागितला नाही तो आपल्या शब्दासाठी, असं ती समजत होती. मागण्यासारखं त्याच्याकडे दुसरंच काही होतं, आणि तेही त्याने मागितलं नव्हतं.

निलेश नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं. बाबली तिच्याकडे बघत होता. निलेश बसायचा त्या जागेकडे बघत होता. भ्रमात होता की शुद्धीवर, तिला ओळखता येईना. पुढे मार्गशीर्षाच्या दुसऱ्या गुरुवारी, पूजा मांडून झाल्यावर तो गेला, तेव्हाही ती हेच आठवत राहिली, आणि तिला ठरवता आलं नाही.

"भियाव नको," तो म्हणाला. "एकव काटो ऱ्हवलेलो नाय."

ती सरकून खाटेजवळ आली. त्याच ताटातला भात तिने त्या मांसात कालवला. निलेश गेल्यापासून तिच्या जिभेला मासा लागला नव्हता. तिने घास घेतला. सावकाश चावला. बाबली तिच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरेपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

"लागलो?"

"नाय," ती म्हणाली.

मग त्यानेही थोडा कालवणभात खाल्ला. चार-पाच घास. बऱ्याच दिवसांत एवढं खाल्लं नव्हतं. ती मधूनमधून निवडलेलं खात राहिली, तो बघत राहिला, आणि सगळं संपल्यावर त्याने डोळे मिटले.

तो झोपल्यावर ती ताट घेऊन विहिरीवर गेली. भांडं आजच घासून ठेवायचं होतं, परवा मार्गशीर्ष लागणार. पाणी ओतण्याआधी तिने ताट उजेडात धरलं. काठावर काटे एका ओळीत मांडलेले होते, मोठे, बारीक, केसासारखे, दोन तोंडांचे. आपल्या घासात एकही काटा आला नव्हता.